बावीस खुर्च्या आणि पाचशे पाने

गुरुवार, १४ मार्च १९६३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हवालदार बापूराव खराडे यांनी सावरखोल येथील गुरुदास केळुसकर यांच्या ओसरीच्या खांबाला सायकल टेकवली, टोपी काढून घाम पुसला आणि स्वयंपाक करून दाखवण्याची मागणी केली.

"किती माणसांचा?" गुरुदासने विचारले.

"कुठली मानसं? माझ्या एकट्यापुरतं करा. एक मानूस."

गुरुदासने दाराकडे पाहिले. त्याची बायको कावेरी दाराआड उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो आवाज ओसरीवर स्पष्ट ऐकू आला.

गुरुदास, वय एकेचाळीस, हा ग्रामदेवी पावणाईच्या देवळातला आचारी. कार्तिकातली जत्रा, नवरात्र, वर्षाची समाराधना आणि मधले नवस मिळून त्याला वर्षाकाठी चाळीस दिवस काम असे. प्रत्येक वेळी पाने पाचशे. वीस पायली तांदूळ, सात पायली काळे वाटाणे, साठ नारळ, नऊ भोपळे. एकोणीस वर्षांत जेवण कधी कमी पडले नव्हते आणि कधी उरलेही नव्हते. पण पाचशेहून कमी माणसांसाठी त्याने आयुष्यात काही शिजवले नव्हते. सावरखोलात देवळातली चूल पुरुषांची आणि घरातली बायकांची. घरच्या चुलीवर त्याने चहासुद्धा कधी केला नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की देवीला नैवेद्य दाखवण्याआधी कोणताही जिन्नस जिभेला लावायचा नाही, हा देवळाचा नियम. त्यामुळे गुरुदास चव घेत नसे. तो तपेल्यावरची वाफ हुंगे, उकळीचा आवाज ऐके, आणि वल्ह्याएवढ्या लाकडी डावाने तपेल्याच्या काठावर ठोकून पाही. एवढ्यावर त्याचे कधी चुकले नव्हते.

हे सगळे अलीमियाँला माहीत नव्हते, कारण त्याने ते फक्त खाल्ले होते. अलीमियाँ गावच्या बंदरवाडीतला. बोटीवर खलाशी म्हणून गेला, इंग्लंडात हल नावाच्या बंदरात उतरला आणि अकरा वर्षांत तिथे बावीस खुर्च्यांच्या खानावळीचा मालक झाला. लहानपणी समाराधनेच्या दिवशी बंदरवाडीत खाल्लेले काळ्या वाटाण्याचे सांबारे तो विसरला नव्हता. आदल्या जुलैपासून इंग्लंडात नवा कायदा आला होता. बाहेरचा माणूस कामावर आणायचा, तर मालकाने त्याच्या नावानिशी सरकारकडे अर्ज करायचा. सरकारला पटले तर व्हाउचर मिळे. व्हाउचरवर सहा महिन्यांच्या आत इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवला, की कायमचे राहता येई, आणि पुढे बायकामुलांनाही नेता येई. अलीमियाँने अर्ज केला. 'गुरुदास केळुसकर, आचारी, अनुभव एकोणीस वर्षे.' अर्जात खोटे एक अक्षर नव्हते. एका वेळी किती माणसांचा स्वयंपाक, असा रकानाच त्यात नव्हता.

व्हाउचर १ डिसेंबर १९६२ चे होते. मुदत शुक्रवार, ३१ मे १९६३ ला संपत होती. तोपर्यंत पासपोर्ट हवा होता, आणि पासपोर्टसाठी पोलिसांचा अहवाल.

पोलिसांना आलेल्या कागदात एवढेच होते: 'सदर इसम स्वयंपाकाचे काम प्रत्यक्ष जाणतो काय, याची खातरजमा करावी.' दुसरा एखादा हवालदार दोन शेजाऱ्यांना विचारून मोकळा झाला असता. खराडे साताऱ्याकडचे, नोकरी सव्वीस वर्षांची. खातरजमा म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, अशी त्यांची समजूत होती. शिवाय ते अकरा मैल सायकल मारून आले होते आणि जेवायची वेळ होत आली होती.

गुरुदासने घरच्या चुलीपुढे बसून सांबारे करायला घेतले. कावेरी मागे उभी राहिली. हवालदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले.

"काय वो, डाव कशापायी हुडकताय?" त्यांनी विचारले.

"ही खूप ल्हान आसा," गुरुदास म्हणाला. त्याच्या हातात कावेरीची पळी होती.

पाचशे पानांच्या सांबाऱ्याला तो सहा ओंजळी मीठ घाली. एका माणसाला किती, याचा त्याने मनाशी विचार केला. सहा ओंजळींहून कमी मीठ त्याने कधी घातले नव्हते. खूप कमी करायचे ठरवून त्याने एक ओंजळ घातली.

"अगो बाय माजे!" कावेरी म्हणाली. "चव तरी घेवा!"

"नैवेद्य खंय दाखवलो?"

हवालदारांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

"आवो केळुसकर, हे रांधलंय का समिंदरातनं उपसून आनलंय?"

त्यानंतर त्यांनी तीन तांबे पाणी घेतले आणि दोन शहाळी. ही शहाळी शेजारच्या माडाची असल्याने झाडाच्या मालकिणीने, राधाबाईने, नंतर वाद घातला. खराडे यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि ती कोणाला दाखवली नाही. निघताना मात्र ते म्हणाले, "अहवाल मला एकतीस तारखेला पाठवायचाय. तोवर अजून एक डाव बघीन. त्याच्या फुडं माझ्या हातात काय न्हाई."

कावेरीला गुरुदास इंग्लंडला जायला हवा होता, आणि कारण ती लपवत नसे. गावची शाळा चौथीपर्यंत. तिची थोरली मुलगी चौथीत होती, धाकटी दुसरीत. पुढच्या शाळेसाठी मुलींना मिठबावला तिच्या माहेरी ठेवायचे, की सगळ्यांनी एकत्र राहायचे, याचे उत्तर तिच्या मते त्या व्हाउचरमध्ये होते. दुसरे कारण ती पाणवठ्यावर सांगे. "वर्साचे चाळीस दिस हे आचारी. उरलेले तीनशे पंचवीस दिस माज्या चुलीफुडे पाट घालून बसतत आणि भात कसो करूचो ता माका शिकयतत. जांवदे तिकडे. थय थंडी आसा, तोंड उघडूचे नायत."

प्रकरण शाळेचे मास्तर भाई प्रभू यांच्याकडे गेले. गावातले सगळे सरकारी कागद भाईच लिहीत. अलीमियाँ आणि गुरुदास दोघेही त्यांच्याच हाताखाली शिकले होते आणि दोघेही गणितात नापास झाले होते. भाईंचा पहिला सल्ला सोपा होता. कावेरीने रांधावे, गुरुदासने ढवळावे.

"मगे विलायतेक माकाच पाठवा," कावेरी म्हणाली. "आणि तो हवालदार उंबऱ्यार बसता. तेचे डोळे घारीचे."

भाईंनी मग त्रैराशिक मांडले. शाळेच्या फळ्यावर डावीकडे पाचशे, उजवीकडे एक. नारळ साठ भागिले पाचशे, म्हणजे एका माणसाला नारळाच्या आठव्या हिश्शाहून किंचित कमी. एका ओंजळीत शंभर चिमटी धरल्या तर मीठ सव्वा चिमटीला थोडे कमी. भोपळ्याची फोड अंगठ्याएवढी. गुरुदासने फळ्याकडे पाहिले.

"मास्तरांनू, ह्या जेवाण न्हय. ह्या काजळाच्या डबयेत मावात."

"तू नुसते हुकूम पाळ रे," भाई म्हणाले. "डोके मी चालवतो."

शुक्रवार ते सोमवार चार वेळा प्रयत्न झाला. पहिल्या दिवशी सांबारे अळणी झाले. दुसऱ्या दिवशी करपले, कारण लहान पातेल्याची उकळी गुरुदासला ऐकूच येत नव्हती. तो कान पातेल्याजवळ नेऊन बसला आणि त्याच्या उजव्या कानाला चटका बसला. तिसऱ्या दिवशी कावेरीने हट्टाने नैवेद्य आधी दाखवायला लावला. गुरुदासने घरच्या देवापुढे वाटी ठेवली, पाणी फिरवले आणि मग एकोणीस वर्षांत प्रथमच स्वतःच्या हातचे सांबारे जेवायला बसण्याआधी चाखले.

"मीठ कमी आसा," तो म्हणाला.

"मगे घाला!"

"आता कसा घालू? आता तो प्रसाद. प्रसादात मीठ घालतत?"

चौथ्या दिवशी सांबारे अगदी जमले. वास देवळातल्यासारखा, रंग देवळातल्यासारखा, मीठ नेमके. मात्र ते पस्तीस माणसांचे होते. एकाचे पस्तीस कसे झाले, असे भाईंनी विचारले तेव्हा गुरुदासने स्वतःच्या हाताकडे बोट दाखवले. "ह्यो थांबाक नाय." त्या दिवशी आजूबाजूच्या सहा घरांत चूल पेटली नाही. राधाबाईने शहाळ्यांचा विषय कायमचा सोडला.

भाईंच्या ध्यानात तेव्हा जे आले, ते चार दिवस आधी यायला हवे होते. माणूस लहान करता येत नसेल, तर परीक्षा मोठी करावी. हवालदारांनी पाचशे पानांचा स्वयंपाक पाहावा. अडचण एवढीच, की शिमगा नुकताच आटोपला होता आणि पुढे दोन महिने देवळात काही नव्हते. मधेच समाराधना घालायची, तर देवीचा कौल हवा.

मंगळवार, १९ मार्च रोजी सकाळी आठ वाजता देवळात कौल लावला. देवीच्या पाषाणावर पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावल्यावर शिवा गुरव गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. जमलेले सुमारे सत्तर लोक हात जोडून मागे उभे होते. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी एका सुरात होकार द्यायचा, ही रीत. मागणी काय आहे, ते ऐकायचे, अशी रीत नाही.

"बा देवी पावणाये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो ह्यो तुजो लेकरू गुरुदास, विलायतेच्या कागदात अडाकलो आसा, तेचो कागद मोकळो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हवालदार अकरा मैल सायकल मारून येतलो आसा, तेच्या चाकातली हवा राख, तेका भूक बरी लागान दी, तेचा तोंड गोड कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका सुखरूप विलायतेक पोचव म्हाराजा!"

"हवालदाराक?" मागून कोणीतरी विचारले.

"गुरुदासाक, मेल्या! पोचव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कार्तिकातल्या जत्रेक, तपेल्याफुडे डाव घेवन, तेका हयसरच उभो ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्तर लोक म्हणाले. त्यांत कावेरीही होती. म्हणून झाल्यावर ती थबकली.

"शिवा, मेल्या, काय मागलंस ह्या?"

"काय मागलंय? खरा ताच मागलंय. जत्रेक पाचशे पाना तुजो बापूस वाढतलो?"

"अरे, पण ते थय पोचले मगे हयसर कशे ऱ्हवतले? दोन्ही कशी जमतली?"

"ता देवीन बघूचा," शिवा म्हणाला. "माजा काम सांगूचा."

आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी उजवी कळी पडली. देवीने होकार दिला, याबद्दल कोणाला शंका नव्हती. होकार कशाला दिला, यावर देवळाच्या पायरीवर दुपारपर्यंत चर्चा झाली. गुरुदासला जाऊ द्यावे का, हा कौल वेगळा लावावा, असे कावेरीचे म्हणणे पडले. कोणी पुढे आले नाही. कळी डावी पडली असती तर गुरुदास अडकला असता, आणि उजवी पडली असती तर जत्रा. शिवाने कळ्यांची टोपली उचलून आत ठेवली.

रविवार, २४ मार्च. समाराधनेसाठी घरटी दोन नारळ आणि ज्याच्या परसात जे होते ते आले. खराडे यांना आमंत्रण गेले होते. ते सकाळी साडेसातलाच हजर झाले, आणि चाकात हवा होती. त्यांनी मांडवात पाट मागून घेतला आणि वही उघडली.

त्यांच्या वहीतल्या नोंदी पुढीलप्रमाणे. 'आठ वाजता तीन तपेली चुलीवर. सदर इसम एकटा, मदतीस नऊ पुरुष. नऊ चाळीस: वाटाणे उकळीस. सदर इसमाने झाकणास नाक लावले. कोणाशी बोलत नाही. दहा दहा: मीठ. मोजले नाही. सहा ओंजळी. अकरा: डाव काठावर मारला, आवाज ऐकला, दोन लाकडे बाहेर ओढली. चव घेतली नाही. का घेतली नाही असे विचारता, देवी अद्याप जेवली नाही असे उत्तर.'

कावेरी बायकांच्या बाजूला केळीची पाने पुसत होती. तिने आपल्या नवऱ्याला काम करताना जवळून कधी पाहिले नव्हते, कारण चुलाणाच्या बाजूला बायका जात नसत. गुरुदास अनवाणी उभा होता, डोक्याला पंचा, हातात वल्ह्याएवढा डाव. घरी चहाची कपबशी हातातून पाडणारा माणूस तांब्याचे पुरुषभर तपेले एकट्याने कलते करत होता, आणि नऊ पुरुष त्याच्या भुवईच्या इशाऱ्यावर धावत होते.

"ह्यो माजो घो?" ती शेजारच्या नसीबाला म्हणाली. नसीबा ही अलीमियाँची बहीण. दर समाराधनेला बंदरवाडीचे जेवण वेगळ्या टोपातून जाई, आणि ते न्यायला ती येई.

"बघून ठेव," नसीबा म्हणाली. "विलायतेक गेल्यार बावीस खुर्चयांफुडे परत कपबशी पाडतलो."

साडेबाराला नैवेद्य झाला. हवालदार पहिल्या पंगतीत बसले. पहिला घास त्यांनी जपून घेतला, मागचा अनुभव ताजा होता. दुसरा तितका जपून घेतला नाही. सांबारे त्यांनी तीनदा मागितले, भोपळ्याची भाजी दोनदा, खीर किती वेळा ते वाढप्याला आठवत नाही. दोन वाजता ते मांडवाच्या खांबाला टेकले आणि चारपर्यंत तिथेच झोपले. चार वाजता उठून त्यांनी भाईंसमोर अहवाल लिहिला.

'सदर इसम पाचशे माणसांचा स्वयंपाक एकट्याच्या देखरेखीत उत्तम करतो, हे समक्ष पाहिले व खाल्ले. एका माणसाचा स्वयंपाक सदर इसमास येत नाही, हेही समक्ष पाहिले व खाल्ले. बावीस खुर्च्यांचा येईल किंवा कसे, हे सांगता येत नाही.'

भाईंनी तो दोनदा वाचला. "हवालदारसाहेब, शेवटची दोन वाक्ये नसती तरी चालले असते."

"न्हाई चालत, मास्तर. पाह्यलं ते पाह्यलं म्हनून लिवलं. न्हाई पाह्यलं ते न्हाई पाह्यलं म्हनून." मग ते थोडे घुटमळले. "जत्रा कंच्या महिन्यात आसती म्हनला?"

अहवाल वेळेत गेला. भाईंनी त्याच दिवशी अलीमियाँला पत्र टाकले आणि सगळा प्रकार कळवला. माणूस चांगला, पण तो पाचशेच्या खाली येत नाही. तुझ्या खुर्च्या बावीस. आता कसे करतोस?

उत्तर २२ एप्रिलला नसीबाच्या पत्त्यावर आले. ती ते घेऊन भाईंकडे आली, भाईंनी ओसरीवर मोठ्याने वाचले. अलीमियाँने लिहिले होते:

'मास्तरांस अलीमियाँचा सलाम. हिशेब करून बघितला. खुर्च्या बावीस. दिवसात एक खुर्ची चार वेळा भरते. आठवड्यात सहा दिवस खानावळ उघडी. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी सक पाचशे अठ्ठावीस. म्हणजे गुरुदासने सोमवारी एकदाच करायचे. मंगळवार ते शनिवार तेच. इथे थंडी अशी आहे की सांबारे परसात ठेवले तरी खराब होत नाही. वरच्या अठ्ठावीस माणसांना मी पाव देईन. तपेले इथे मिळत नाही, पण बंदरात जुन्या बोटींचे मोडीत काढलेले हंडे मिळतात, दोन बघून ठेवलेत. चव कोण घेणार ही काळजी नको. ती मी घेईन, मला तुमच्या देवळाचा नियम लागू नाही. त्याला म्हणावे तू नुसता हुंग. विमानाचे तिकीट काढले आहे, गुरुवार ३० मेचे.'

भाईंनी गुणाकार फळ्यावर करून पाहिला. बरोबर होता. "शाळेत असताना ह्याला बावीस चोक येत नव्हते," ते म्हणाले.

"शिळा खावक तेका ल्हानपणापासून आवाडता," नसीबा म्हणाली. "आमची अम्मी ताजी भाकरी करी, ह्यो कालची मागी."

"सोमवारी एकदाच?" कावेरीने विचारले. "आणि मंगळवारपासून काय करतले हे?"

"तुमच्याच चुलीपुढे पाट घालतील, तिथे जाऊन," भाई म्हणाले. कावेरीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही, याबद्दल नसीबा आणि भाई यांच्या सांगण्यात फरक आहे.

गुरुदासचे म्हणणे वेगळेच होते. पाचशे अठ्ठावीस हा आकडा त्याला पटत नव्हता. "अठ्ठावीस कशाक? पाचशे म्हणजे पाचशे." त्याची समजूत घालायला आणखी दोन दिवस गेले.

अडचण दुसरीकडूनच उभी राहिली. ९ मे रोजी मुंबईच्या पासपोर्ट कचेरीतून पत्र आले. व्हाउचरवर 'आचारी' म्हटले आहे. पोलीस अहवालात पाचशे माणसे, नऊ मदतनीस आणि तीन तपेली यांचा उल्लेख आहे. यावरून अर्जदार हा आचारी नसून जेवणावळींचा ठेकेदार असावा असे दिसते. तरी खुलासा करावा. सोबत आणखी एक प्रश्न होता. सदर पाचशे माणसे २४ मार्च रोजी कोणत्या कारणाने एकत्र जमली होती?

या दुसऱ्या प्रश्नाने भाईंचा घाम काढला. खरे कारण लिहायचे, तर पाचशे माणसे पासपोर्टच्या चौकशीसाठी जमली होती असे लिहावे लागले असते. त्यांनी तीन मसुदे फाडले. चौथ्यात 'धार्मिक कारणाने, देवीच्या लेखी संमतीने' असे लिहिले, मग 'लेखी' खोडले. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून अलीमियाँच्या पत्राची नक्कल आणि स्वतःचा गुणाकार जोडला. खाली सही: 'तपासले, बरोबर आहे. भाई प्रभू, मुख्याध्यापक.'

खुलासा ११ मे रोजी रजिस्टर टपालाने गेला. आठ दिवस उत्तर आले नाही. सोमवार, २० मे रोजी गुरुदास स्वतः मुंबईला निघाला. सोबत एक ट्रंक, व्हाउचर आणि कापडात गुंडाळलेला डाव. एसटीच्या कंडक्टरने डाव टपावर टाकायला सांगितले. गुरुदासने नकार दिला, आणि तो आडवा धरून बसल्यामुळे पुढच्या दोन बाकांवरचे चार प्रवासी कणकवलीपर्यंत मान वाकवून बसले. मुलींनी गाडीमागे हात हलवले. कावेरीने हलवला नाही. "चव घे रे बाबा," एवढेच ती खिडकीपाशी म्हणाली. नवऱ्याला तिने एकेरीत हाक मारलेली गावाने प्रथमच ऐकली.

शनिवार, २५ मे रोजी दुपारी त्याचे कार्ड आले. गावच्या मुंबईकरांच्या खोलीवर उतरलो आहे. कचेरीत रोज जातो. कारकून म्हणतो, कागद साहेबांच्या टेबलावर आहेत. साहेबांनी गुणाकार वाचला, दुसऱ्या साहेबांना दाखवला, दोघे हसले. ते हसणे चांगले की वाईट, ते कळत नाही. बुधवारी सकाळी अकराला या म्हणाले. काय होते ते लगेच तारेने कळवीन. खोलीवर माणसे एकोणीस. एकदा रांधून दाखव म्हणून मागे लागलेत. नाही म्हटले.

मंगळवारी भाईंनी मुलींचा निकाल लावला. थोरली चौथी पास झाली. तिचा दाखला मिठबावच्या शाळेच्या नावाने लिहायचा की कसे, असे त्यांनी कावेरीला विचारले. नाव तूर्त कोरे ठेवा, असे ती म्हणाली. त्याच दिवशी शिवा गुरव डोक्यावर दोन नारळ घेऊन तिच्या दारात आला. देवीला मी दोन्ही मागितले, पण वाईट मनाने मागितले नाही, असे त्याने सांगितले. तिने नारळ ठेवून घेतले आणि त्याला चहा दिला नाही.

बुधवार, २९ मे. साहेबांनी दिलेली अकराची वेळ होऊन गेली. भाई, कावेरी आणि नसीबा दुपारी दोनपासून तारघरासमोरच्या वडाखाली बसले होते. तीन वाजता एक तार आली, ती देवबागच्या कोणाच्या तरी लग्नाची होती. साडेचारला तारमास्तर बाहेर येऊन म्हणाले, आता काही येणार असेल तर उद्या सकाळी आठनंतर. विमान उद्या रात्रीचे. ते शुक्रवारी सकाळी लंडनला उतरते.

"मुदत शुक्रवारीच संपता ना?" कावेरीने विचारले.

भाईंनी खिशातून कागद काढला. शुक्रवारी मध्यरात्रीच संपते, पण ती त्यांच्या घड्याळाने, आणि त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. तेवढे साडेचार तास आपल्याला जास्त मिळतात, असे त्यांनी तिला समजावले.

पाच वाजता तारघर बंद झाले. तोपर्यंत मुंबईहून काही आले नव्हते.